घडी घालणाऱ्या पेशी आणि परब मॅडमचा राग

डॉ. सुलभा परब यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका अंडीवाल्याला फोनवर फैलावर घेत होत्या. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नुकतीच आले होते. मुलुंडच्या आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात आम्ही मुली वह्या छातीशी धरून उभ्या होतो. आत सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई फोनमध्ये सांगत होत्या, की तुम्ही पाठवलेली अंडी ऑम्लेटची आहेत, त्यांत गर्भ नाही, माझ्या मुलींनी बघायचे काय? पलीकडचा माणूस बहुधा म्हणाला असावा, की मुलींना काय फरक कळतोय. त्यावर मॅडमचा आवाज एकदम खाली आला. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो, आणि मराठीची मालवणी होते, हे आम्हाला त्या दिवशी समजले. “तुका कळता काय?” एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः चेकनाक्यावर जाऊन टेम्पोतून अंडी उतरवून घेऊन आल्या. त्यांनी एका अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडली आणि आम्हाला एकेकीला पुढे बोलावले. बलकावर लाल रेघांचे जाळे होते आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढे काहीतरी धडधडत होते. माझ्या मागची मुलगी रडायला लागली. मॅडम तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तिला स्टुलावर बसवले आणि म्हणाल्या, की रडू आले तर येऊ दे, पण डोळे पुसून पुन्हा बघ.

या गौरवग्रंथाच्या संपादक समितीने मला लेखाचे निमंत्रण देताना सुचवले, की मॅडमच्या षष्ट्यब्दिपूर्तीचा प्रसंग मंगल आहे, तेव्हा लेखाचा सूर प्रसन्न ठेवावा, कटू आठवणी टाळाव्यात. मीही आता याच कॉलेजात शिकवते, समितीतले सगळेच माझे सहकारी आहेत, त्यांचा मी आदर करते. पण मॅडमच्या कामाविषयी लिहायचे आणि त्या कामाचे काय काय केले गेले ते लिहायचे नाही, हे मला जमणार नाही. समितीने हा लेख छापला असेल, तर तो तिचा मोठेपणा समजावा.

आधी काम सांगते. ज्यांचा शास्त्राशी संबंध नाही अशा वाचकांनी घाबरू नये. मॅडम हे सगळे भाजीवालीलाही समजावून सांगत आणि तिला समजले नाही तर दोष स्वतःकडे घेत. गर्भ अगदी कोवळा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा असतो. या पट्ट्याच्या दोन्ही कडा हळूहळू उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मध्यभागी मिटतात. सपाट पट्ट्याची नळी होते. या नळीतूनच पुढे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तयार होतो. कोंबडीच्या पिल्लात हे घडते, माणसाच्या बाळातही घडते. घडी घालायला बाहेरून कोणाचा हात येत नाही. पेशीच आपला आकार बदलतात. पट्ट्याच्या मधल्या पेशींच्या वरच्या तोंडाशी बारीक तंतू असतात. बटव्याची नाडी ओढावी तसे ते आवळले जातात, पेशीचे तोंड अरुंद होते आणि पट्टा तिथे वाकतो.

इथपर्यंत पुस्तकात होते. मॅडमचा प्रश्न पुढचा होता. एका पेशीने तोंड आवळून काहीच होत नाही. शेकडो पेशींनी ते एकमेकींच्या मेळाने करायला हवे. हा मेळ साधतो कसा? आणि बाजूच्या, जिथून पुढे त्वचा होते त्या साध्यासुध्या पेशींचे यात काय काम? सगळे जण मधल्या पेशींकडे बघत होते. मॅडम कडेला बघत बसल्या. गर्भाच्या एकाच बाजूला, पट्टा आणि त्वचा जिथे जोडलेली असते तिथे, त्या अतिशय बारीक काप देत. कापलेल्या बाजूची कड नीट उठत नसे, नळी वाकडी होई. पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, एकीचा ताण दुसरीपर्यंत पोचतो आणि कडेच्या पेशी रेटा देतात, हे त्यांनी आम्हाला भिंगाखाली दाखवले. काप देताना त्यांचा श्वास थांबलेला असे. आमचाही.

मॅडमचे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर ते कुटुंब परळ सोडून भांडुपला डोंगराच्या बाजूला राहायला आले. मॅडमनी शिकवण्या घेत शिक्षण पूर्ण केले, पीएच.डी. केली आणि चांगल्या संस्थांची बोलावणी आली असतानाही त्या मुलुंडच्या या कॉलेजात राहिल्या. लोक याला त्याग म्हणतात. मॅडमना हा शब्द अजिबात आवडत नाही. त्यांनी मला एकदा सांगितले, की भांडुप, कांजूर, घाटकोपरच्या मुलींना पदवीच्या वर्गात जिवंत गर्भ बघायला मिळत नाही, तो मिळावा म्हणून मी राहिले. मला इथेच मजा येते, यात त्याग कसला?

आता त्या परिषदेविषयी. एका नामवंत संस्थेतले एक ज्येष्ठ संशोधक आमच्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण मॅडमनी मनाई केली आहे. त्यांनी आमचे गर्भ पाहिले, चहा घेतला, खूप कौतुक केले, आणि एकत्र काम करू म्हणून आम्ही काढलेली गर्भांची छायाचित्रे मागून नेली. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. गर्भ अंड्याबाहेर ताणून धरायला गाळणकागदाची एक चकती लागते आणि तिच्या मधोमध भोक पाडावे लागते. ते भोक मी नखे कापायच्या कात्रीने पाडत असे. माझे एकही भोक धड गोल नसे. मॅडम म्हणत, “अगं, हे भोक आहे की रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा?”

त्यानंतर पुष्कळ दिवस त्या गृहस्थांकडून काहीच कळले नाही. मग वांद्र्याला एक परिषद झाली, तिला मॅडम मला घेऊन गेल्या. ते गृहस्थ व्यासपीठावर होते. पडद्यावर एकामागून एक चित्रे येत होती आणि ते सांगत होते, की बाजूच्या पेशींचे महत्त्व आमच्या गटाने ओळखले. तेवढ्यात पडद्यावर एक मोठे छायाचित्र आले. त्यात गर्भाभोवती माझा तो वाकडातिकडा कापलेला कागद होता. मी मॅडमकडे पाहिले. त्या ताठ बसल्या होत्या आणि हातातली पेन्सिल त्यांनी घट्ट धरली होती.

भाषण संपले, टाळ्या झाल्या, प्रश्न विचारायची वेळ आली. मॅडम उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“हे छायाचित्र मुलुंडच्या माझ्या प्रयोगशाळेतलं आहे. त्यातला कागद या मुलीनं कापलाय. हिचं नाव तुमच्या भाषणात कुठे आहे?”

त्या सभागृहात कित्येक मोठी माणसे होती. एकानेही तोंड उघडले नाही. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, की शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानलेले आहेत. अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितले. जेवणाच्या वेळी मॅडमच्या ओळखीचे एक प्राध्यापक जवळ येऊन म्हणाले, बाई, तुमचं खरं असेल, पण असं चारचौघांत चिडायला नको होतं. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. चोरी चारचौघांत केलेली चालते. चोर म्हटलेले तेवढे चारचौघांत चालत नाही.

पुढे मॅडमनी पाठपुरावा केला. मला वाटत होते त्या स्वतःच्या नावासाठी भांडतील. त्या हे काम केलेल्या आम्हा तीन विद्यार्थिनींच्या नावांसाठी भांडल्या, आणि मग स्वतःच्या. फार काळ गेल्यावर त्या गृहस्थांचा शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाने दुरुस्ती छापली आणि चौघींची नावे लेखकांत घातली. त्या गृहस्थांचे काही बिघडले नाही. त्यांना नंतर मानसन्मानही मिळाले. आमच्या कॉलेजात मात्र तेव्हापासून ‘परबबाई चिडक्या आहेत’ असे म्हणायची पद्धत पडली. याच कॉलेजात टेबलावर हात आपटणारे एक विभागप्रमुख होते. त्यांना सगळे तत्त्वनिष्ठ म्हणत.

मॅडमचा राग किती कामाचा आहे, हे मला सावंतांच्या घरच्या प्रसंगात कळले. श्री. सावंत आमच्या ग्रंथालयात लिपिक होते. राहायला घाटकोपरला. त्यांच्या सुनेला, प्राचीला, मुलगा झाला. त्याच्या पाठीवर खालच्या बाजूला मज्जारज्जू उघडा राहिला होता. पेशींची ती नळी तेवढ्या भागात मिटलीच नव्हती. बाळाची शस्त्रक्रिया झाली, बाळ वाचले. पण घरात बोलणे सुरू झाले, की प्राचीने ग्रहणात विळीवर बसून कोबी चिरला, म्हणून बाळाची पाठ चिरली गेली. दवाखान्यातून प्राची बाळाला घेऊन दहिसरला माहेरी गेली आणि सावंतांकडून तिला आणायला कोणी जाईना.

सावंतांनी हे मॅडमना चहाच्या वेळी सांगितले, तेही आपल्या घरावर संकट कोसळले आहे अशा सुरात. मॅडमनी कप खाली ठेवला. उद्या तुमच्या मिसेसना प्रयोगशाळेत घेऊन या, असे त्या म्हणाल्या. सावंत म्हणाले, ती यायची नाही. मॅडम म्हणाल्या, मग मी अंडी घेऊन तुमच्या घरी येते. आपल्या देवघरासमोर कोणी अंडी फोडावीत यापेक्षा सावंतकाकूंनी कॉलेजात येणे पसंत केले.

त्या आल्या त्या पदर घट्ट लपेटून, बोलायचे नाही असे ठरवून. मॅडमनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवले. मी वेगवेगळ्या वेळी उबवायला ठेवलेली अंडी उघडून तयार ठेवली होती. पहिल्यात पट्टा सपाट होता. दुसऱ्यात कडा उचलल्या होत्या. तिसऱ्यात नळी मिटली होती. काकूंनी भिंगातून पाहिले आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मॅडमनी त्यांना कोणत्या पेशी कुठे आवळतात, कोण कोणाला ओढते आणि नळी कधी कधी एखाद्या जागी उघडी कशी राहते, ते शांतपणे सांगितले. मग विचारले, “ग्रहण कधी होतं?”

काकूंनी सांगितले. तेव्हा प्राचीला सहावा महिना होता.

“बाळाची ही नळी मिटते पहिल्या महिन्यात,” मॅडम म्हणाल्या. “तेव्हा प्राचीला दिवस गेलेत हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. ग्रहण लागलं तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं. कोबी चिरला काय नि न चिरला काय.”

काकूंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग त्यांनी जे विचारले, ते मला आजही बरोबर वाटते. “मगे आमच्याच नातवाक कित्याक?”

मॅडमचा आवाज खाली आला. मला वाटले आता काकूंची धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, “ता माका ठावक नाय. अजून कोणाकच सगळा ठावक नाय. पण आवशीचो दोष नाय, ह्या मात्र माका ठावक आसा.”

आईचा दोष नाही, हे ऐकून काकूंनी डोळ्याला पदर लावला. त्या काही एका दिवसात बदलल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याशी वाद घातला, की तुमच्या बाई शिकलेल्या असल्या म्हणून काय झाले. पण त्या रविवारी त्या स्वतः दहिसरला गेल्या आणि प्राचीला आणि बाळाला घेऊन आल्या. तो मुलगा आता शाळेत जातो. पायांना आधाराचे पट्टे बांधून जिना उतरतो आणि कोणी हात धरायला गेले की झटकून टाकतो.

मॅडमचा राग एवढ्यावर शमला नाही. फोलिक ॲसिड नावाची एक साधी गोळी आहे. दिवस राहण्याच्या आधीपासून घेतली तर नळी उघडी राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आपल्याकडे बहुतेक बायकांच्या हातात ही गोळी पडते ती दवाखान्यात नाव नोंदवल्यावर, म्हणजे नळी मिटायची वेळ टळून गेल्यावर. मॅडमनी पहिल्या वर्षाच्या मुलींना हे वर्गात सांगायला सुरुवात केली. लगेच काही पालकांची तक्रार आली, की लग्न न झालेल्या मुलींना हे असले काय शिकवता. तेव्हाच्या प्राचार्यांनी मॅडमना बोलावून खुलासा मागितला. मी बाहेर बसले होते, दार उघडे होते. मॅडमचे एकच वाक्य ऐकू आले. “मग सर, कधी सांगायचं? नळी उघडी राहिल्यावर?”

खुलासा त्यांनी दिला नाही. वर्गात सांगणे चालू ठेवले.

आणि आता या वर्षी जे घडले त्याकडे येते. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना संस्थेने ठरवले, की प्राणिशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेच्या जागी वातानुकूलित सभागृह करायचे. कारण असे सांगितले, की प्रवेशाच्या वेळी पालकांना सभागृह दिसते, गर्भ दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, आम्ही कोणी नसताना, ओटे फोडले गेले. अंडी उबवायचा इन्क्युबेटर आणि सूक्ष्मदर्शक जिन्याखाली ताडपत्रीत बांधून ठेवले. जून उजाडल्यावर मी ताडपत्री सोडली तेव्हा भिंगांवर बुरशी धरलेली होती. ज्या भिंगांतून शेकडो मुलींनी जीव आकाराला येताना पाहिला, ती पुसून स्वच्छ होतात का, हे विचारायचीही कोणाला गरज वाटली नव्हती. मी मॅडमना ते दाखवले. ती भिंगे रुमालात गुंडाळून त्या घरी घेऊन गेल्या.

आणि मग संस्थेने त्याच सभागृहात त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि हा ग्रंथ. संस्थेचे कार्यवाह स्वतः पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, की मॅडम, तुमच्याच जुन्या जागेत तुमचा सन्मान, किती छान योग आहे. मी त्या वेळी त्या खोलीत होते. त्यांना आपण काय बोललो हे खरोखरच कळले नव्हते. त्यांचा मला जास्त राग आला तो यासाठी.

मॅडमनी पेढा घेतला नाही. “शाली घरी पुष्कळ आहेत,” त्या म्हणाल्या. “मला एक खोली द्या. पाण्याचा नळ आणि न जाणारी वीज असलेली.”

कार्यवाह गोंधळले. म्हणाले, मॅडम, तुम्ही तर आता निवृत्त होताय, खोली कशाला?

“मी होत्येय. मुली नाही होत.”

त्यानंतरचे आठवडे सुखाचे नव्हते. हे बाईंचे शेवटचे नाटक, असे कोणी म्हणाले. सत्कारावर अटी घालणे शोभते का, असेही कोणी म्हणाले. पण मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनी काही कमी नाहीत. कोणी डॉक्टर आहेत, कोणी शाळेत शिकवतात, कोणी घरी आहेत. खोली मिळेपर्यंत आम्ही समारंभाला येणार नाही, असे त्यांनी एकेकीने येऊन प्राचार्यांना सांगितले. सध्याच्या प्राचार्यांनी, हे मी मुद्दाम नोंदवते, आमची बाजू घेतली. शेवटी जिमखान्यामागची एक खोली मिळाली. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसते आणि दुपारी कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज येतो. पुरेशी नाही. पूर्वीच्या प्रयोगशाळेच्या पाव भागाएवढीही नाही. हा विजय आहे असे कोणी मानपत्रात लिहू नये. जे होते ते मोडले आणि त्यातला एक तुकडा परत दिला, एवढाच याचा अर्थ आहे. पण इन्क्युबेटर तिथे सुरू झाला आहे. भिंगांपैकी काही स्वच्छ झाली, काही कायमची गेली. गेल्या पंधरवड्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने पहिल्यांदाच कडेचा तो बारीक काप दिला. तिचा हात थरथरला आणि गर्भ फाटला. मॅडम तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, हरकत नाही, दुसरे अंडे घे आणि या वेळी श्वास रोखून धर.

हा ग्रंथ वाचकांच्या हाती येईल तेव्हा समारंभ झालेला असेल आणि मॅडमनी शाल स्वीकारलेली असेल. मॅडमच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबासाठी राग कमी करायला सांगितला आहे. डॉक्टरांचे म्हणणे शास्त्राला धरून असेल. तरी आम्हा विद्यार्थिनींच्या वतीने माझी मॅडमना नम्र विनंती आहे, की गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी करा, संध्याकाळी चालायला जा, गुडघ्यांची काळजी घ्या. तुमची शंभरी आम्हाला बघायची आहे. तुमची नजर आणि तुमचे हात असेच स्थिर राहोत. फक्त राग कमी करू नका. त्यातला थोडा आम्ही घेतला आहे, पण अजून पुरेसा नाही.